बाहेर चाललो, प्रिंट मारू नका

"बाहेर चाललोऽ! कोनी प्रिंट मारू नका!" असं ओरडून भाऊ बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटी दोनदा वाजवायचे आणि खुर्चीवरच बसून राहायचे.

तुम्ही म्हणाल, मग बाहेर गेलं कोण? त्यांचा संगणक. धानोऱ्याच्या आमच्या तहसील कार्यालयातले दाखले मुंबईच्या सर्व्हरवर तयार होत. तिथं जायला व्हीपीएन जोडावं लागे, म्हणजे एक बंद बोगदाच. त्यात शिरलं की भाऊंच्या संगणकाला मुंबई दिसायची, पण हातभर अंतरावरचा प्रिंटर दिसायचा नाही. प्रिंटर सगळ्यांचा, पण जोडलेला त्यांच्याच संगणकातून. त्यामुळे सगळे हात बांधून बसत. दाखला संगणकावर उतरवून घ्यायचा, व्हीपीएन तोडायचं, मग छापायचा. चूक निघाली की पुन्हा बोगदा. दर खेपेला मोबाईलवर ओटीपी, आणि रेंज फक्त आवारातल्या मोहाच्या झाडाखाली.

"ढोर जंगलात गेलं की घंटी पायजेच ना," भाऊ म्हणायचे. "नाई तं समजन कसं, कुठी हाय?"

गडचिरोलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला कार्यालयातला हा एकमेव माणूस. प्रमाणपत्र भिंतीवर, चौकटीत. साहेबसुद्धा दारातून अदबीनं विचारत, "भाऊ, आत हाय का बाहेर?"

मी चिमूरकडचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. कामाच्या पहिल्या दिवशी भाऊंनी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. "जेव बाबू. शिकलेल्या मानसाले भूकबी लागते अन् लाजबी." म्हणून हे लिहिताना हात जड होतो. पण लिहितो.

एकदा जंगलातल्या गावाहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती. रहिवासी दाखला त्याच संध्याकाळपर्यंत गडचिरोलीला पोचला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. सही साहेबांची, आणि साहेब दौऱ्यावर निघायच्या बेतात.

भाऊंनी घंटी वाजवली, मोहाखाली धावत जाऊन ओटीपी आणला. दाखला उतरला, बोगदा तुटला, प्रिंट निघाली. गावाचं नाव चुकलेलं. भाऊ पुन्हा मोहाकडे धावले. दुसरी प्रिंट निघाली. आता बापाचं नाव चुकलेलं. बाहेर जीप सुरू झाली.

"होते ना भाऊ?" उंबरठ्यावरून बाई म्हणाल्या.

"होऊन राह्यलं बाई! सरकारी काम हाय!" आणि भाऊ पुन्हा मोहाखाली.

बापाचं नाव नीट पाहावं म्हणून मी त्यांच्या टेबलावर अर्ज शोधू लागलो. अर्जाखाली प्रशिक्षणाची वही होती. भाऊंचंच अक्षर, खाली लाल रेघ: 'जवळच्या नेटवर्कला परवानगी. इथे खूण करणे. व्हीपीएन चालू असतानाही प्रिंटर चालतो. मुभा आहे.'

मी सेटिंग उघडलं. खूण केली. एवढंच.

भाऊ धापा टाकत आले. ओटीपी टाकला, नाव सुधारलं आणि सवयीनं व्हीपीएन तोडायला हात नेला.

"तोडू नका भाऊ. तशीच प्रिंट द्या."

प्रिंटर घरघरला. भाऊंनी कागदाकडे पाहिलं, मग उघड्या वहीकडे.

"वाचलं काय?"

"हो."

"मंग चूप राह्य," ते हळूच म्हणाले. "एवढ्याशा खुनेवर काम होते म्हनलं तं मले कोन इचारन?"

मी कागद घेऊन धावलो. सही जीपच्या बॉनेटवर झाली. मुलगी बसमध्ये चढली.

त्या एका खुणेवाचून किती माणसं ओट्यावर ताटकळली, शेवटची बस चुकवून कुठं निजली, हे भाऊंच्या वहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा घंटी वाजवली. आता गरज नव्हती. मी प्रिंट दिली, ती निघाली. भाऊंनी प्रिंटरचा आवाज ऐकलाच नाही असं केलं.

पुढं त्यांची कोरपन्याला बदली झाली. प्रमाणपत्र नेलं, घंटी खिळ्यावर राहिली. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो; दाखले चटचट निघतात आणि माझ्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही.

परवा त्या बाई आल्या. हातात मोहफुलांचं गाठोडं.

"तो घंटीवाला भाऊ कुठी गेला?"

"बदली झाली, बाई."

"लई चांगला मानूस. माझ्या पोरीसाठी तीनदा धावला उन्हाचा." गाठोडं माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, "त्याले देजा."

"हो बाई," मी म्हणालो. "लई धावला."