एका टोपलीत नाही म्हणून

नॅनो-जैवतंत्रज्ञानाचे शोधनिबंध दोन डेटाबेस कसे नोंदवतात, या आमच्या तुलनेतल्या चुका माझ्या होत्या. प्राचार्यांसमोर मात्र मी त्या ग्रंथालयातल्या बाईंवर ढकलल्या आणि वर्षभर गप्प राहिलो.

बाई किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून पालघरला आमच्या महाविद्यालयात येत. एखादा निबंध डेटाबेसात जैवतंत्रज्ञान या विषयाखाली दिसला नाही, की मी ‘नाही’ लिहून मोकळा होई. त्या मात्र एकेक विषय उघडत आणि हसून म्हणत, “एका टोपलीत नाय म्हणून बाजारातच नाय काय, सर? हा बघा, औषधांत घातलाय.”

ठपका आल्यावर त्यांचे हसणे थांबले; माझ्या चुकीच्या नोंदी मात्र त्या मुकाट्याने दुरुस्त करीत राहिल्या.

काल बैठकीत सर्वांसमोर मी उभा राहिलो. “त्या चुका माझ्या होत्या. बाई, मला क्षमा करा.”