इंजिनाशेजारची खाट

गल्लीत तिला सगळे नकाशेवाली म्हणत. खरं तर नकाशे दुसरंच कोणीतरी काढायचं. ही त्यांच्यावरून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायची. भिंत कुठे, खिडकी कुठे, हे आधीच ठरलेलं असे. ऊन मात्र तिच्या हातात असे. ते जिन्यावरून किती खाली उतरू द्यायचं, बाळाच्या खोलीत कुठवर येऊ द्यायचं, यात ती तासन्‌तास रमायची. जिथे अजून एक वीटही रचलेली नाही, अशा घरांत ती मनाने लोळून, डुलकी काढून यायची. स्वतःच्या घरात एवढा निवांतपणा तिला कुठला मिळायला!

घरात बाबा होते. उभा जन्म त्यांनी नदीवरच्या फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला. आता त्यांची स्मरणशक्ती दगा देत होती. लेकीला कधी ताई म्हणत, कधी बाई, आणि कधी तर सरळ विचारत, "तिकीट काढलंत का?" तिला आधी हसू यायचं, मग रडू. सकाळभर येरझारा, कड्या काढणं, चपला शोधणं. पण दुपारी ती एखादं मोठं चित्र करायला बसली आणि कॉम्प्युटरचे पंखे घरघरायला लागले, की ते आपणहून शेजारच्या खाटेवर येत, कॉम्प्युटरच्या गरम डब्याला पाठ लावत आणि गाढ झोपत. तिनेच खाट मुद्दाम त्याला चिकटवून ठेवली होती. मग घरघर चालू, बाबांचा श्वास चालू आणि पडद्यावर कुणाच्या तरी अंगणात हळूहळू ऊन पसरतंय. ती वेळ तिला फार आवडायची.

अलीकडे मात्र त्या यंत्राने छळ मांडला. चित्र निम्मं होतंय न होतंय तोच पंखे जिवाच्या आकांताने ओरडायचे आणि खटकन सगळं बंद. केलेलं काम पाण्यात. त्यावर कडी म्हणजे बाबा दचकून उठायचे.

"इंजिन बंद पडलं! अगदी मधोमध आहोत, वर माणसं आहेत!"

मग इंजिन शोधत घरभर फिरायचे. समजावता समजावता संध्याकाळ व्हायची. तिने टेबलफॅन लावून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, एकदा तर यंत्राला हात जोडले. शेवटी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं.

काकांनी डबा पुढे ओढला, तर मागून पांघरुणाचा अख्खा कोपरा बाहेर आला.

"ताई, याला ताप आलाय आणि तुम्ही वरून पांघरूण घालताय! गरम हवा जाणार कुठून?"

"ते बाबांचं आहे," ती ओशाळून म्हणाली. "झोपेत सरकतं."

त्यांनी झाकण उघडलं. आतल्या जाळीवर धुळीचा जाड थर. "उशी भरता येईल याची," काका खुशीत म्हणाले. प्रोसेसर थंड ठेवणारा लेप वाळून खडू झाला होता. तो पुसून त्यांनी नवा लावला, पंखे ब्रशने साफ केले आणि डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून सुटा ठेवला. "खाटेजवळ न्यायचा नाही हं. आणि आवाज? आता ऐकूच येणार नाही, बघा."

तिचा चेहरा पडला. "थोडासा आवाज ठेवता येईल का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं ते असं, की रोग बरा करा, पण खोकला राहू द्या, म्हणणारा पेशंटच समोर बसलाय.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिने चित्र सुरू केलं. यंत्र इतकं गुपचूप चाललं होतं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. बाबा खाटेवर पडले होते, पण डोळे टक्क उघडे. आता हे उठणार, घाबरणार, आणि ही दुपारसुद्धा आपल्या हातातून गेली. पुन्हा बिघडू दे मेलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

बाबा उठून बसले. मान कलती करून ऐकत राहिले.

"थांबलं," ते म्हणाले.

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हिसका नाही, आरडाओरडा नाही." त्यांचा चेहरा सैल झाला. "काठाला लागलो वाटतं आपण?"

"हो," ती कशीबशी म्हणाली. "लागलो."

"मग निघतो, बाई. पोरगी दारात बसली असेल. मी गेल्याशिवाय जेवत नाही ती."

खरंच होतं ते. लहानपणी आईचे धपाटे खाऊनही बोट परत येईपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहायची. बाबांना ते ठाऊक होतं, आणि बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढं त्यांनी जपून ठेवलं होतं, याची तिला कल्पनाच नव्हती.

ती झटकन उठली, त्यांच्या पुढे होऊन स्वयंपाकघरात गेली आणि दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली. बाबा भिंतीला धरून सावकाश आले.

"आलात, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आलो गं. जेवली नाहीस ना अजून?"

"नाही," ती म्हणाली, आणि दोन ताटं वाढायला घेतली.