आधी पाइपला हात

आमच्या कारखान्यातलं भंगार रोज संध्याकाळी उचललं जातं. किस्से मात्र कोणी नेत नाही, म्हणून ते माझ्याकडे साचलेत.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या बनवतो. मशीनवर मी. दिवसभर प्लास्टिक रोलरवर घासतं आणि चार्ज माझ्या अंगावर साठतो. पायात रबरी चप्पल, त्यामुळे तो जमिनीत जात नाही. कोणाला हात लावला की चट्‌! म्हणून नियम आहे: आधी अर्थिंगच्या पाइपला हात लावायचा, मग माणसाला. मी विसरतो, म्हणून लोकच लांब राहतात.

*

दिवाळीला आमच्या सिंधी सेठने सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. माझी पाळी आली तेव्हा लाकडी फूटपट्टीवर ठेवून पुढे केला.

"साईं, त्योहार के दिन करंट नहीं चाहिए."

*

अंबरनाथहून एक इंजिनिअर मशीन बघायला आला होता. त्याने एकाच रोलच्या दोन पट्ट्या शेजारी धरल्या, तर त्या एकमेकींपासून लांब पळाल्या.

"काका, दोघींवर सारखाच चार्ज आहे. सारखे एकमेकांना ढकलतात."

मागे उभा असलेला सेठ शांतपणे म्हणाला, "मेरे भाई भी ऐसेच हैं."

*

चार्जमुळे कपटे कपड्यांना चिकटतात. पूर्वी बायको दारातच माझी पाठ झाडायची. ती गेल्यानंतर एकदा मी भाजी घेत, शेजाऱ्यांशी बोलत बदलापूरला घरी पोचलो. शर्ट काढला, तर पाठीवर छापील तुकडा: "एकावर एक फ्री". वाटेत कोणी सांगितलं नाही. आधी हसलो, मग फार एकटं वाटलं.

*

पावसाळ्यात हवा ओली, चार्ज टिकत नाही. तेव्हा सगळे बिनधास्त खांद्यावर हात टाकतात. थंडी आली की पुन्हा लांबून नमस्कार. खरं सांगतो, बायकोनंतर घरी मला हात लावणारं कोणी नाही. त्यामुळे थंडी मला फार लांब वाटते.

*

पॅकिंगला सुलभाताई आहेत. झटक्याला सगळ्यात जास्त त्याच भितात. मला चहासुद्धा स्टुलावर ठेवून देतात. मागच्या जानेवारीत मी मशीनजवळ डोकं धरून बसलो होतो. त्या उठून आल्या आणि सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला. चट्‌ झालं. त्या दचकल्या, पण हात काढला नाही.

"ताई, पाइप राहिला," मी म्हणालो.

"असू दे. गप्प बसा जरा. ताप बघतेय."

मला ताप नव्हता. मी सांगितलं नाही.