आज्जाचा दमा नातीच्या नावावर

रात्रभर धुकं गोठून झाडांना चिकटलं होतं. सकाळी घळीत उजेड असा आलाच नाही, नुसता काळोख पातळ झाला. ट्वायला रॅटलिफनं बसच्या काचेवरचं बर्फ खरवडलं, चाकांना लाथा घालून पाहिल्या, तेल बघितलं. इंजिन चालू करून ते गरम होईपर्यंत स्टिअरिंगवर हात टाकून बसून राहिली. बोटांना काही कळत नव्हतं. हिवाळाभर तिला ते तसंच बरं वाटायचं.

घळीच्या अगदी टोकाचं घर तिचं. त्यामुळं शाळेची पिवळी बस रात्रीही तिच्याच दारात उभी असते, आणि घरापेक्षा बसच मोठी दिसते.

"ट्वायले, दार लाव!" आतून ऑर्बिन, तिचा बाप, ओरडला. ओरडला म्हणजे दोन शब्द आणि मग खोकला. "खोली तापवायचीय का समदा डोंगर?"

"लावलंय की!"

"मग हे वारं काय माझ्या ढुंगणातनं येतंय?"

तिनं उतरून दार लावलं. केन्ड्रा, सतरा वर्षांची लेक, कॅडेटचा गणवेश घालून, बूट हातात घेऊन धावत आली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. बूट तिनं रात्रीच घासले होते. ते चिखलात घालायचे नाहीत, शाळेच्या दारात घालायचे, हा तिचा नेम.

अकरा वर्षं ट्वायला ही बस चालवतेय. नवरा ओहायोत कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला. पहिल्या वर्षी त्याचा फोन यायचा, मग नाताळला कार्ड, मग तेही नाही. ह्याबद्दल तिनं कुणापाशी तक्रार केल्याचं घळीत कुणाला आठवत नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रस्ता चांगला हाय तिकडं." शाळेच्या दारात पोरं उतरली की बस बंद करायची. बंद केली की मागच्या टोकाला भोंगा वाजायला लागतो. ड्रायव्हरनं उठून शेवटपर्यंत चालत जाऊन बटण दाबल्याशिवाय तो थांबत नाही. एखादं पोर बाकावर झोपून राहू नये म्हणून ही सोय. बाकीचे ड्रायव्हर त्या भोंग्याला शिव्या देतात. ट्वायला देत नाही.

घळीत फोन लागत नाही. चर्चच्या वळणावर आलं की लागतो. त्यामुळं रोज सकाळी त्या वळणावर बसमधले सगळे फोन एकदम किणकिणतात, आणि पोरं मान खाली घालतात ती शाळेपर्यंत वर करत नाहीत. डिसेंबरात ह्याच वळणावर केन्ड्राचा फोन वाजला होता आणि ती किंचाळली होती. सैन्याची शिष्यवृत्ती मिळाली होती. राज्याच्या विद्यापीठाची चारही वर्षांची फी सैन्य भरणार, तिनं कॉलेजातच अधिकाऱ्याचं शिक्षण घ्यायचं आणि पुढं तितकीच वर्षं वर्दीत काढायची. चर्चच्या पाटीवर पाद्र्यानं तिचं नाव लावलं, तेही चुकीचं लिहून. फक्त तब्येतीची तपासणी राहिली होती. तब्येतीची काळजी कोण करतो? ती पोरगी आख्खा डोंगर पळत चढून यायची आणि वर पोचल्यावर गप्पा मारायची.

धुक्याच्या त्या सकाळीही वळणावर फोन वाजले. ट्वायलानं आरशात पाहिलं. केन्ड्रा वाचत होती. पुन्हा वाचत होती. मग तिनं फोन पालथा मांडीवर ठेवला.

शाळेत सगळी उतरल्यावर ती पुढं आली. हसत होती. "आई, ऐक. मला दमा आहे म्हणे."

"काय?"

"दमा. म्हणून घेत नाहीत. तेरावा वाढदिवस झाल्यावर दम्याचा पंप ओढला असेल तर चालत नाही, म्हणे. मी म्हटलं, कुणाचा पंप? मला..." आणि ती बोलता बोलता थांबली. हसणं तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं.

मागं भोंगा वाजत होता. ट्वायला उठली, चालत गेली, बटण दाबलं.

घळीत ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांनाच ठाऊक असते. पोरांना सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळतं, त्यावर औषध फुकट. म्हाताऱ्यांचं तसं नसतं. खाणकंपनीनं दिवाळं काढलं तेव्हा ऑर्बिनचं कंपनीचं औषधाचं कार्ड गेलं. पेन्शन एवढं की सरकारी कार्ड मिळू नये, आणि एवढंही नाही की दर महिन्याला पंप विकत घेता यावा. कोळशानं त्याची छाती कधीच धरली होती. आडवा झाला की बुडाल्यासारखा करायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचा. मग घळीत सगळे करतात तेच ट्वायलानं केलं. नुकत्याच तेरा पुऱ्या झालेल्या केन्ड्राला दवाखान्यात नेलं. गाडीत तिला शिकवलं, "नर्स पाठीवर नळी ठेवील. मी तुझ्या खांद्याला हात लावला की खोकायचं." पोरगी इतकी सुंदर खोकली की आज्जानं तिला येताना आइस्क्रीम घेऊन दिलं. पुढं चार वर्षं पंप केन्ड्राच्या नावानं येत राहिला आणि ऑर्बिन ओढत राहिला.

शाळेच्या कॅडेट तुकडीचा सार्जंट टॉलर, सैन्यातून निवृत्त झालेला, मान नसलेला माणूस, दुपारी बसपाशी आला.

"काही काळजी करू नका, बाई," तो म्हणाला. "कुणाच्या तरी कागदात कुणाचे तरी कागद मिसळलेत. दवाखान्यातून फक्त लिहून आणा, हिला दमा कधीही नव्हता. खरं तेच लिहायचंय. खरं लिहायला कितीसा वेळ लागतो?"

"न्हाई लागत," ट्वायला म्हणाली.

दवाखाना म्हणजे जुन्या पोस्टाच्या दोन खोल्या. तिथं डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. बाकी सगळं डेलोरा हॅगर बघते. ती शिकलेली नर्स, औषध लिहायचा अधिकार असलेली. ट्वायला गेली तेव्हा ती रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती.

"डेलोरा, एक कागद पायजे. केन्ड्राला दमा कधी नव्हता म्हणून."

"नव्हताच की."

"तसं लिहून दे."

"देते. आन् मग चार वर्षं पंप कुणाला लिहिलं म्हणून लिहू? कुत्र्याला?"

"तुला ठाऊक होतं?"

"ट्वायले, मी त्या पोरीच्या पाठीला नळी लावली. आत काय न्हाई, नुसतं लखलखीत. आन् बाहेर गाडीत तुझा बाप खोकत होता, ते मला बंद खिडकीतनं ऐकू येत होतं. मी काय बहिरी हाय?" तिनं पट्टा खणात टाकला. "लिहिते. तू म्हणशील तर आत्ता लिहिते. माझी सही जाईल. तुझी बस जाईल, सरकारला फसवलेल्या बाईच्या हातात कोण पोरं देतंय? आन् वरच्या घळीतली म्हातारी बीपी मोजाया दोन तास शहरात जातील. लिहू?"

"बघते," ट्वायला म्हणाली.

तिला वाटलं होतं, रडू येईल किंवा राग येईल. तसलं काही आलं नाही. रस्त्यावर तिनं गाडी एकदा बाजूला घेतली, पण ते पुढून लाकडाचा ट्रक येत होता म्हणून.

रात्री घेवडा आणि मक्याची भाकरी होती. बिडाचा तवा मधोमध ठेवला होता. ट्वायलानं डेलोराचं सगळं सांगितलं. कुणी जेवायचं थांबलं नाही.

आता ऑर्बिनचं आणखी एक होतं. त्यानं कंपनीच्या विम्यावर दावा लावला होता, कोळशानं छाती खाल्ली म्हणून. नऊ वर्षं चालला होता. विम्याचा वकील दर खेपेला एकच विचारायचा, एवढा दम लागतो तर औषध कुठंय? ह्यांच्या नावावर तर कित्येक वर्षांत एकही पंप नाही. त्यावर ऑर्बिनच्या वकिलापाशी उत्तर नव्हतं. ज्याचा रोग त्याच्या नावावर नव्हता, आणि जिच्या नावावर होता तिला तो नव्हता.

"डेलोरा बोलली तर तुमचा दावा बी उभा राहील," ट्वायला बापाला म्हणाली. "पंप तुमच्यासाठी होता, हे तिच्या तोंडून आलं की झालं."

"व्हय," ऑर्बिन म्हणाला. घास गिळून त्यानं श्वास गोळा केला. "मग डेलोरा घरी बसंल. तू घरी बसशील. ही बी घरी बसंल. समदी मिळून माझं खोकणं ऐका."

"आज्जा, मी लिहिलंय, मला दमा नव्हता," केन्ड्रा म्हणाली. "ते खरं आहे."

"आता लिही, व्हता. लाजंनं लिहिलं नव्हतं, आता गेला, पंप बी बंद. ते बी खरंच हाय. दप्तरी खरं हाय."

"सार्जंट म्हणतात, अधिकारी खोटं बोलत नाही."

"सार्जंट कवा अधिकारी व्हता?"

केन्ड्राला हसू आलं, आणि त्याचाच तिला राग आला. ती ताट घेऊन उठली. पाठमोरीच म्हणाली, "आणि तुझा दावा?"

"मला काय झालंय? काय न्हाई झालं. माझा वकील नऊ वरसं कंठशोष करतोय, मिळंल ते घेऊन मिटव म्हणून, मीच ऐकत नव्हतो." मग तो खोकायला लागला. ते बराच वेळ चाललं. केन्ड्रा हातातलं ताट धुतच राहिली.

ट्वायलानं काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. तिनं भांडी पुसून ठेवली, तव्याला तेल लावलं. सकाळी बस काढली आणि ती डेलोराकडं गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सार्जंटला केन्ड्रानंच सांगितलं, दमा होता, लाजेनं लिहिलं नव्हतं, आता गेला. तो म्हणाला, "अस्सं. मग सूट मागता येते. श्वासाची परीक्षा द्यावी लागेल." त्यापुढं त्यानं काही विचारलं नाही. त्याचाही बाप खाणीतच गेला होता.

परीक्षा शहराच्या मोठ्या इस्पितळात होती. काचेच्या खोलीत केन्ड्राला बसवलं, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. मशीनवरची बाई ओरडत होती, "फुंक, फुंक, फुंक, अजून, अजून, अजून!" केन्ड्रा फुंकतच होती. शेवटी बाईच दमली.

"हिला दमा आहे म्हणून कुणी सांगितलं?"

"मी," केन्ड्रा म्हणाली.

मग डॉक्टर आला. तरुण होता, खाली बघून लिहीत होता. "अटॅक कसा यायचा, सांग."

केन्ड्रानं आईकडं पाहिलं नाही. "रात्री यायचा. आडवं झालं की. मग उठून बसायचं, हात गुडघ्यांवर टेकून. खांदे वर जातात, कानापर्यंत. आत किटली ठेवल्यासारखा आवाज येतो. श्वास येतो तो सगळा येत नाही, अर्धाच येतो, आणि तो सोडवत नाही. कुणी बोललं की राग येतो. पाणी दिलं तर नको असतं. खिडकी उघडली की थोडं बरं वाटतं. पण खिडकी उघडली की घरातल्या दुसऱ्यांना थंडी वाजते, म्हणून उघडायची नाही."

डॉक्टरचा हात थांबला होता. "एवढा होता? आणि एवढा गेला?"

"गेला," केन्ड्रा म्हणाली.

ट्वायला भिंतीवरच्या तक्त्यातली फुप्फुसं बघत होती. एक गुलाबी होतं, एक काळं. तिला भूक लागली होती.

परतताना दोघींनी गाडीतच बोलोनी सॉसेजचे सँडविच खाल्ले. केन्ड्रा एकदाच बोलली, "आई, आता माझ्या कागदावर ते कायम राहणार ना?"

"राहणार."

"बरं."

ऑर्बिननं वकिलाला चर्चच्या वळणावरून फोन केला. ट्वायलानंच त्याला गाडीतून तिथवर नेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मिटव त्यो दावा. न्हाई, भांडण न्हाई. मिटव म्हंतो." फोन तिच्या हातात देऊन काच वर करायला सांगितली. येताना त्यानं विचारलं, ह्या वर्षी टोमॅटो लावणार का. ती म्हणाली, लावू.

एप्रिलात डोंगरावर रेडबडची झाडं फुलून जांभळी झाली. एका सकाळी वळणावर बसमधले सगळे फोन किणकिणले. ट्वायलानं आरशात पाहिलं. केन्ड्रा वाचत होती. तिनं मान वर केली, आरशातल्या आईला एकदा होकार दिला, आणि पुन्हा मान खाली घातली. किंचाळली नाही. मागच्या एका कार्ट्यानं तिच्या खांद्यावरून डोकावून वाचलं आणि तोच ओरडला, "ए, केन्ड्रा पास झाली! केन्ड्रे, आता आम्ही सॅल्यूट मारायचा का?"

"तू आधी नाक पूस," केन्ड्रा म्हणाली. पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली.

"खाली बसा!" ट्वायला ओरडली. "गाडी चालू हाय!"

शाळेच्या दारात सगळी उतरली. केन्ड्रानं पायरीवर बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या, जाताना आईच्या दंडाला हात लावून गेली. ट्वायलाला तो हात कळला. मग तिनं चावी फिरवली. मागं भोंगा वाजायला लागला.

ती उठली. एकेक बाक बघत शेवटपर्यंत गेली. कुणी झोपलेलं नव्हतं. एक हातमोजा होता, तो तिनं खिशात घातला. बटण दाबलं. मग कोपऱ्यातला झाडू घेतला आणि शेवटच्या बाकाखालून झाडत पुढं यायला लागली.