बसून, घोट घोट

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेव्याच्या यार्डात उभ्याउभ्या बाटलीतून पाणी पीत होतो. थोरली बहीण ज्यासाठी मला आयुष्यभर रागे भरली, नेमकं तेच करत होतो... त्याला आता महिना उलटला.

पनवेलच्या घरी मागच्या खोलीत ती जलोपचार करायची. कटिस्नानाचा पत्र्याचा टब, ओल्या चादरी, गरम पाण्याच्या बादल्या. गार पाण्याने लोकांना बरं करणाऱ्या कुणा जर्मन पाद्र्याची गोष्ट आणि आमच्या आजीचं पहाटेचं उषःपान ती एका दमात सांगायची, जणू दोघं शेजारीच राहत होते. विचुंब्याच्या एका मावशींनी बादलीत पाय बुडवून तिला विचारलं होतं, "ताय, पान्यानंच बरं व्हायचं तं डागतर कशाला हाय?" "आजाराला डॉक्टरच लागतो, मावशी. माझं पाणी फक्त दुखणं हलकं करतं. आता गप्प बसा, गार होतंय!" मी यार्डातून सुजलेले पाय घेऊन आलो की माझ्यापुढेही मिठाच्या गरम पाण्याची बादली यायची, न मागता. वर दम, "पाणी बसून प्यायचं, घोट घोट. घोड्यासारखं नाही."

पुढे रक्तदाबाने तिच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं, पाणी मोजून मिळू लागलं आणि तिचा तांब्या माझ्या ताब्यात आला. मी स्वयंपाकघरात पाठ फिरवून, नळाची धार बारीक करून, चोरासारखा पाणी प्यायचो. एका दुपारी तिने हाक मारली, "बाळ्या, लपून पितोस होय रे? इथे ये. माझ्यासमोर बसून पी. मला बघू दे." ओठ सुकलेले, डोळ्यांत मात्र थट्टा.

"तहान नाहीये, ताई."

"खोटारड्या, मिशीवर थेंब आहे."

नंतरही तिने दोन-तीनदा म्हटलं. मी दर वेळी काहीतरी काम काढून उठलो. तिच्यासमोर पिणं निर्दयपणाचं होईल, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तिची तहान मला बघवत नव्हती. मी स्वतःला वाचवत होतो. पाणी तिला देता येत नव्हतं... निदान मला पिताना बघू देता आलं असतं. तेही दिलं नाही.

टब मागच्या खोलीत तसाच आहे. रोज सकाळी तिच्या खुर्चीसमोर खाली बसतो, तांब्यातून फुलपात्र भरतो. घशातून उतरताना घोटाचा आवाज होतो.

होऊ देतो.