तपासनीस बाईंच्या कमरेचं माप

बस आगाराच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला लागून गणवेश विभाग होता. विभाग म्हणजे एक खोली, दोन शिलाई मशिनी, इस्त्रीचं टेबल आणि माप घ्यायच्या कोपऱ्यात तारेवर सरकणारा पडदा. तिथे टेपमावशी बावीस वर्षं बसत होत्या. मोठ्या साहेबापासून झाडलोट करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्या आगाराची अंगं त्यांच्या टेपखालून गेलेली. कोणाचं पोट कधी सुटलं आणि कोणाचे खांदे कधी उतरले, हे त्यांना घरच्यांच्याही आधी कळे. पण त्यांच्या तोंडून एक आकडा बाहेर पडला असेल तर शपथ. शिवण शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की माप बोलायचं नसतं, लिहायचं असतं. म्हणून टेप लावायची, आकड्यावर अंगठ्याचं नख दाबून धरायचं आणि वहीत नावाऐवजी बिल्ला नंबराखाली गुपचूप उतरवायचं. आपणही इथे नाव न घेण्याची तेवढी रीत पाळू.

तर या टेपमावशींना उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिला संशय आला, तो तपासनीस बाईंच्या कमरेवरून.

तपासनीस बाई म्हणजे आगाराचा दरारा. बसमध्ये चढल्या की कोण खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतोय एवढ्यावरून त्या विनातिकीट माणूस हुडकून काढत. अंगाने भरभक्कम. कंडक्टर मंडळी पाठीमागे त्यांना ‘डबलडेकर’ म्हणत आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. दर वर्षी नव्या गणवेशाच्या वेळी त्यांची कंबर पाव-अर्धा इंच पुढे गेलेली असे. त्यात काही नवल नव्हतं. त्या वर्षी मात्र भावाचं घर हलवायचं आहे म्हणून त्या पंधरा दिवस रजेवर गेल्या आणि परत कामावर आल्यावर महिनाभराने पॅन्ट लहान करून घ्यायला उभ्या राहिल्या, तर कंबर चार इंच कमी.

मावशींनी पुन्हा टेप लावली. मग टेपच ताणली गेली असेल म्हणून लाकडी पट्टीला लावून बघितली. टेपचं काही चुकलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “रोज चालते. रात्रीचं जेवण बंद केलंय. मनावर घेतलं की होतं सगळं.”

मावशींनी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मनावर घेणारे त्यांनी काय कमी बघितले होते? वहीत पानोपानी होते. महिनाभर चालून अर्धा इंच गाळायचे आणि पुढच्या महिन्यात पाऊण इंच परत घेऊन यायचे. चार इंच जायला नुसती जिद्द पुरत नाही. आधी वाटलं, बाईंना काहीतरी मोठं दुखणं आहे आणि त्या ते लपवतायत. मग वाटलं, कुठली तरी पावडर घेत असतील, उद्या आपल्यालाही विकायला आणतील. आठवडाभर त्या पावडरीची वाट बघत बसल्या. पावडर काही आली नाही.

मग त्यांनी कँटीनमध्ये बाईंच्या समोरच्या टेबलाशी बसायला सुरुवात केली. बघावं तर वाटी मुठीएवढी, चमचा चहाचा. चार-पाच चमचे खायला बाई अर्धा तास घेत आणि एकेक घास लेकराला भरवल्यासारखा चावून चावून बारीक करत. जेवताना पाण्याला हात लावत नसत. नंतर बाटलीतून चिमणीसारखे घोट. फक्त रात्रीचं जेवण सोडलेल्या माणसाने दुपारी असं का जेवावं?

पुढच्या खेपेला अजून अडीच इंच गेले होते. भांगात केस विरळ दिसायला लागले होते. पट्टा सारखा करायला बाईंनी शर्टाची कड जरा वर घेतली, आणि मावशींना पोटावर बारीक खुणा दिसल्या. पाच. शर्टाच्या काजाएवढ्या, एकीकडे दोन, एकीकडे तीन. शिलाई कोणाच्या हातची ते सांगता आलं नाही, पण हात सराईत होता हे त्यांना कळलं. इस्त्रीवाल्याच्या मेव्हणीचं असंच पोट लहान करायचं ऑपरेशन झालं होतं. पहिले तीन महिने तिचं वजन घाट उतरणाऱ्या बससारखं सुसाट खाली आलं होतं आणि मग सपाटीवर आल्यासारखं हळू झालं होतं. रजा, वाटी, केस, सगळं मावशींच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. त्यांनी टेप गुंडाळली, आकडा लिहिला आणि वही मिटली. बाईंचं बाईंपाशी.

ते तिथेच राहिलं असतं. पण मावशींच्या घरी त्यांची भाची होती.

भाची नोकरी लागल्यापासून मावशींकडेच राहायची. आगाराच्या चौकशी खिडकीमागे बसून फलाटांच्या घोषणा करायची. गोल चेहऱ्याची, हसरी, आवाज असा खणखणीत की डुलकी लागलेला ड्रायव्हरही उठून बसावा. गणवेश विभागाच्या दारावरच एक कर्णा होता, त्यामुळे दिवसभर भाची मावशींच्या कानाशी असे. तिने तपासनीस बाईंची पॅन्ट दोनदा बदललेली बघितली आणि त्यांना जाऊन विचारलं. बाईंनी तिलाही तेच सांगितलं: चालणं, रात्रीचं जेवण बंद, मनावर घ्यायचं.

पोरीने मनावर घेतलं. रात्रीचं जेवण गेलं, मग सकाळचं. दुपारचा डबा तेवढा नेत होती. पण संध्याकाळी डबा घासूनपुसून परत यायला लागला, तेव्हा मावशींचे कान टवकारले. आयुष्यात जिने स्वतःचं ताट उचललं नाही, ती आगाराच्या नळावर डबा घासते? नव्या जाकिटाचं निमित्त काढून त्या दर आठवड्याला तिचं माप घ्यायला लागल्या. कंबर हटून बसली होती. मनगट आणि दंड मात्र उतरत होते.

“डबा कोणाला देतेस?” एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“मीच खाते.”

“मग मनगट का उतरलं?”

“उतरू दे की,” भाची म्हणाली. “मावशी, बाईंकडे बघ आणि माझ्याकडे बघ. त्या अर्ध्या झाल्या. मी त्यांच्यापेक्षा कमी खाते तरी जाड ती जाडच. कधी कधी मलाच वाटतं, मी झोपेत उठून खाते की काय.”

“प्रत्येकाचं अंग वेगळं असतं गं.”

“अंग नाही, जिद्द. बाईच म्हणाल्या.”

ऑपरेशनची गोष्ट मावशींच्या ओठांवर आली आणि तिथूनच माघारी गेली. बावीस वर्षांची सवय. त्यांनी तिला दूध तेवढं आणून दिलं. सकाळी ते तसंच ओट्यावर होतं, साय धरलेलं.

चार दिवसांनी, अकराच्या सुमाराला, कर्ण्यातून आवाज आला, “फलाट क्रमांक चारवरून सुटणारी जलद बस...” शेवटचे शब्द कोणीतरी लांब नेत असल्यासारखे बारीक झाले. मग काहीतरी धप्पकन पडलं आणि नुसती घरघर ऐकू येत राहिली. मावशी सुई कापडात तशीच सोडून धावल्या.

आगाराच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब पार खाली गेला होता, दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. साखरपाणी देऊन त्यांनी सांगितलं की दोन घास पोटात जाईपर्यंत हिला एकटीला सोडू नका, आणि पुन्हा असं झालं तर थेट दवाखान्यात भरती करीन. मावशींनी तिला गणवेश विभागात आणलं, पडद्यामागच्या बाकावर निजवलं आणि उशाला थंडीच्या कोटांची चवड दिली. भाताची पेज आणली. तिने तोंड फिरवलं. बेशुद्ध पडूनही पोरगी हट्ट सोडायला तयार नव्हती.

दुपारी तपासनीस बाई आपली पॅन्ट न्यायला आल्या. भाचीचं त्यांनी ऐकलं होतं. हळहळल्या, म्हणाल्या की दमाने घे असं त्यांनी तिला बजावलं होतं.

मावशींनी वही काढली, भाचीच्या बिल्ला नंबराचं पान उघडलं आणि बाईंसमोर फिरवून ठेवलं. बाई तिकिटं बघतात तसं, तारीख धरून, बोट खाली नेत वाचत गेल्या. मनगटाच्या रकान्यापाशी बोट थांबलं.

“हे मला का दाखवताय?”

“ती आत झोपलीय. दुसऱ्याचं माप मी आजवर कोणाला दाखवलं नाही. तिला न विचारता दाखवतेय, आणि तुमचं तिला दाखवू शकत नाही.”

बाईंची नजर बदलली. खिडकीबाहेर बघणाऱ्या उतारूवर रोखायच्या तशी त्यांनी ती मावशींवर रोखली. “तुम्ही काय बघितलंय?”

“शिलाई चांगली आहे, एवढंच.”

“कोणाकोणाला सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर पोरगी आत पडली नसती.”

बाई स्टुलावर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या की डबलडेकर ऐकून ऐकून कान किटले होते. आता ऑपरेशनचं सांगितलं तर हीच माणसं म्हणतील, स्वतःच्याने झालं नाही, शेवटी कापून घेतलं. जिद्दीने केलं म्हटल्यावर तेच कंडक्टर आयुष्यात पहिल्यांदा उठून उभे राहिले होते. ते सोडवत नव्हतं.

बाई उठल्या, पडदा सरकवून आत गेल्या.

“ऐक,” त्यांनी भाचीला सांगितलं. “माझी कंबर अठ्ठेचाळीस होती. चालून गेली नाही. पोट कापून लहान केलंय.”

भाची कोपरावर उठली. मग म्हणाली, “मी जेवावं म्हणून सांगताय तुम्ही. मावशीने पढवलंय.”

बाईंनी शर्टाची कड वर केली. भाचीने खुणा मोजल्या. तरीसुद्धा मावशींकडे एकदा बघून घेतलं, या खुणाही दोघींनी मिळून ठरवून आणल्यात की काय अशा नजरेने.

“पहिल्या महिन्यात अकरा किलो गेले,” बाई सांगत राहिल्या. “माझी मलाच भीती वाटायची, आरशात कोण आहे म्हणून. आता महिन्याला तीन जातात, कधी दोनच. पाचावर सहावा चमचा घेतला तर उलटून पडतो. कंगव्यात केसांचा गुंता येतो. गुडघे आणि साखर, दोन्ही हाताबाहेर गेली होती, म्हणून डॉक्टरांनी ठरवलं. त्यात माझी जिद्द कुठे आली? तुला खोटं सांगितलं मी.”

मग त्यांनी पिशवीतून आपली मुठीएवढी वाटी काढली आणि पेजेच्या भांड्याशेजारी ठेवली. दोघी जेवायला बसल्या. बाईंचे पाच चमचे संपायच्या आधी भाचीची पेज संपली होती. खातानाही तिची नजर बाईंच्या चमच्यावरच होती. ती मोजत होती.

भांडं खाली ठेवून तिने विचारलं, “मावशी, तुला माहीत होतं?”

मावशींनी भांडं उचललं आणि विसळायला नेलं.

आगारात हे कोणाला कळलं नाही. फक्त त्या दिवसापासून कोणी बारीक व्हायचा उपाय विचारला की बाई म्हणायच्या, डॉक्टरांना विचारा. भाचीचा आवाज महिनाभरात पुन्हा खणखणीत झाला. घरात मात्र ती मावशींशी कामापुरतंच बोलायची. त्या काहीही म्हणाल्या की क्षणभर थांबून त्यांच्या तोंडाकडे बघायची.

जाकीट शिवायचं राहिलंच होतं. भाची एक दिवस आपणहून पडद्यामागे येऊन उभी राहिली. मावशींनी टेप लावली, आकड्यावर नख दाबलं आणि वहीकडे हात नेला.

“मोठ्याने सांग,” भाची म्हणाली.

मावशी घुटमळल्या. पडद्याबाहेर दोन ड्रायव्हर पॅन्टीसाठी थांबले होते. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि आकडा स्पष्ट म्हटला. बाहेरची कुजबुज थांबली.

भाचीने मान वाकवली, मावशींचं नख बाजूला केलं आणि टेपवरचा आकडा स्वतः वाचून बघितला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता मनगटाचं सांग.”