एकतिसावं पान

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मेणबत्त्या व्हायच्या. एकीचीही वात कधी मधोमध आली नाही, त्यामुळे त्या पेटवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. मी नववीत गेले त्या वर्षी नवीन मुख्याध्यापिका आल्या आणि म्हणाल्या, मेणबत्त्या पुरे झाल्या, यंदा नववीच्या मुली पुस्तकांची जत्रा भरवतील. सीताबर्डीवरचे दोन दुकानदार पेट्या घेऊन येतील, मुली पुस्तकं मांडतील, विकतील, आणि एका लांब बाकावर प्रत्येकीने आपलं स्वतःचं आवडतं पुस्तक ठेवायचं. त्यातली एक जण शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर आपल्या पुस्तकाबद्दल बोलणार होती. ती एक जण मीच, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

शंका असायचं कारणच काय? वक्तृत्वाच्या दोन ढाली घरी होत्या. शिवाय मी ग्रंथालयाची मुलगी. दर बुधवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या बाईंसोबत बसून मी नव्या पुस्तकांवर जांभळे गोल शिक्के मारायची. एक पहिल्या पानावर आणि एक एकतिसाव्या. "चोर पहिलं पान फाडतो," बाई म्हणायच्या, "एकतिसावं फाडायची अक्कल त्याला नसते." ही गोष्ट बाहेर सांगायची नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी त्या एकतिसाव्या पानाच्या जोरावर वर्गात नाक वर करून फिरायची.

आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. रोज कन्हानहून बसने यायची, वडील तिकडे कोळशाच्या खाणीत होते. फी माफ होती. ती "मले" म्हणाली की वर्ग हसायचा, आणि हसण्याची सुरुवात बहुतेक मीच करायची. पण ती धडा वाचायला लागली की वर्ग गप्प व्हायचा, हे मला सहन होत नसे. मत्सर होता, दुसरं काही नाही. आता या वयात त्याला गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी मी कपाटामागे बसून फाटक्या पुस्तकांना खळ लावत होते. ती पुस्तक परत द्यायला आली होती. समुद्रावरच्या प्रवासाचं जुनं पुस्तक, मुखपृष्ठ गळलेलं, पहिली चार पानं गेलेली. बाईंनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि तिलाच परत दिलं. "ठेव तुला. नाहीतरी रद्दीतच जाणार. मी रजिस्टरमधून काढून टाकते." तिने ते पुस्तक आधी कपाळाला लावलं, मग दप्तरात ठेवलं. जाताना तिला मी दिसले, बाईंनाही दिसले. बाई हसल्या. रजिस्टरमधून काढायचं मात्र राहून गेलं, बाईंची सगळीच कामं उद्यावर असायची.

जत्रेच्या आठवडाभर आधी ग्रंथालयाच्या बाईंनी बोलण्यासाठी तिचं नाव सांगितलं. मला बोलावून म्हणाल्या, "तू मांडणी बघ. तुझा आवाज छान आहे गं, पण तू पाठ केलेलं बोलतेस. ती मनातलं बोलते." वर आणखी तिची भाषा सुधारायचं काम माझ्याकडेच दिलं. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली आमची तालीम चालायची. ती बोलायची, मी अडवायची. 'मले' नाही, 'मला'. 'माह्या' नाही, 'माझ्या'. मी इतकी अडवायची की तिचं एक वाक्य धड पुरं होत नसे.

"तू काहून रागावून राहिली वं माह्यावर?" तिने एकदा विचारलं.

"मी कुठे रागावले?"

"माहे बाबा येऊन राहिले जत्रेच्या दिवशी. सुट्टी टाकली त्यायनं." मग म्हणाली, "ते म्हणते, एवढ्या दूर पाठवाले परवडत नाही आता. पाहून घेतो तुही शाळा, मंग दहावीचं ठरवतो. मले चांगलं बोलाच लागते. शिकव ना नीट."

म्हणजे तिचं दहावीचं वर्ष त्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर होतं, आणि हे मला जत्रेच्या आधीच माहीत होतं. ही गोष्ट मी मुद्दाम इथे लिहून ठेवते.

जत्रा छान भरली. घराघरांतून आणलेल्या चादरी बाकांवर अंथरल्या होत्या. संत्र्यांचे दिवस होते, मैदानभर सालींचा वास येत होता. दुकानदार मुलींना पुस्तकं कशी लावायची ते शिकवत होते आणि मुली ऐकत नव्हत्या. तिचे वडील मागे कुंपणाजवळ उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ते बसले नाहीत.

ती बोलली. म्हणाली, मी समुद्र पाहिलेला नाही. आमची कन्हान नदी पुरात फुगते, पलीकडचा काठ दिसत नाही, तेव्हा मी या पुस्तकातली पानं आठवते आणि समजते की समुद्र असाच असणार. एकदा तिच्या तोंडून 'मले' निघून गेलं. कुणीही हसलं नाही. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं, तर तिचे वडील पुढे येऊन एका खुर्चीच्या कडेवर बसले होते.

साहेबांनी ते पुस्तक हातात घेतलं. मी मांडणीवाली, त्यामुळे बाजूलाच उभी होते. मी मुख्याध्यापिकांना म्हणाले, "बाई, हे तर आपल्या ग्रंथालयाचं पुस्तक आहे. एकतिसावं पान बघा." हळूच म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मी वक्तृत्वाच्या आवाजात म्हणाले.

जांभळा शिक्का स्वच्छ उमटलेला होता. तसलेच शिक्के मी दर बुधवारी मारायची.

मुख्याध्यापिकांनी ग्रंथालयाच्या बाईंकडे पाहिलं. "रजिस्टरमध्ये आहे का हे?"

त्या वर्षीच्या मोजणीत पुस्तकं कमी भरली होती आणि बाईंना त्यावरून लेखी विचारणा झाली होती. बाईंनी पदर सारखा केला. "आहे," त्या म्हणाल्या.

ती बाईंकडे बघत राहिली. त्या पुढे काही बोलतील म्हणून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "तू सांग ना वं. तू होती तिथं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईसुद्धा.

"मी?" मी म्हणाले. "मी कुठे होते?"

मुख्याध्यापिकांनी तिला आडनाव विचारलं. तिने सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी मान हलवली. त्या 'अच्छा'चा अर्थ मैदानातल्या शेंबड्या पोरालाही कळला असता. तिच्या वडिलांना तर कळलाच. ते उठून आले, हात जोडून म्हणाले, "चुकलं असन पोरीचं. माफी करा, बाई."

"बाबा, मी नाही चोरलं."

"चाल," ते म्हणाले. तिचा दंड धरून ते फाटकाकडे चालू लागले. चप्पल निघाली तेवढ्यापुरती ती थांबली.

कार्यक्रम पुरा व्हायला हवा म्हणून मला उभं केलं. माझं भाषण पाठ होतंच. मी पाच मिनिटं न अडखळता बोलले आणि टाळ्या मिळाल्या. सोमवारी शेवटचा बाक रिकामा होता. पंधरा दिवसांनी हजेरीपटातून तिचं नाव गेलं.

पुढच्या बुधवारी मी ग्रंथालयात गेले. बाईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि लाल शाईने एका ओळीवर लिहायला सांगितलं, 'जीर्ण झाल्याने रद्द'. मी लिहिलं. मग बाईंनी ते समुद्राचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घेऊन जा तू." तेरी भी चूप, मेरी भी चूप. मी ते दप्तरात टाकलं. कपाळाला वगैरे लावलं नाही. घरी जाऊन पट्टी लावून एकतिसावं पान कडेने नीट फाडलं.

परवा नात ते पुस्तक वाचत बसली होती. वाचता वाचता मला म्हणाली, "आजी, तीसनंतर एकदम तेहेतीस कसं? मधलं पान कुठे गेलं?"

"काय माहीत," मी म्हणाले. "मला असंच मिळालं होतं."